पंप चांगला होता, तरी बदललात: पैसे परत मिळण्याबाबत तक्रार

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. ग्राहक सेवा व्यवस्थापक,
मुख्य कार्यालय

विषय : कोल्हापूर वर्कशॉपमध्ये निदान न करता फ्युएल पंप (टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणारा) बदलल्याबद्दल

महोदय,

माझी गाडी सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबर बॉडीची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनची. माझ्या थोरल्या भावाने ती २००१ मध्ये मडगावला घेतली आणि गेली अकरा वर्षं ती माझ्याकडे सावंतवाडीत आहे. तिचे स्पेअर मिळत नाहीत, तिच्यावर काम करणारे हातही फार उरले नाहीत. म्हणूनच गावातल्या गॅरेजऐवजी मी आपल्या नावाजलेल्या वर्कशॉपवर भरवसा ठेवला.

१२ जुलैला कोल्हापूरला येताना आंबोली घाटात गाडी बंद पडली. दाणोली सोडून चढ सुरू झाला तसा पिकअप गेला, गाडी गचके खाऊ लागली आणि धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर बसलीच. सेल्फ फिरत होता, पण गाडी पकडत नव्हती. वीस-पंचवीस मिनिटं थांबल्यावर ती चालू झाली, दोन वळणं चढली आणि पुन्हा बंद. धो धो पाऊस, त्यात शेजारच्या सीटवर माझी एकोणऐंशी वर्षांची आई. शेवटी टोइंगवाल्याला बोलावून गाडी आपल्याकडे आणली.

हे सगळं मी सर्व्हिस अॅडव्हायझरना जसंच्या तसं सांगितलं. सपाटीला काही त्रास नाही, न्यूट्रलला इंजिन शांत चालतं, लोड आला की मरतं, थंड झालं की पुन्हा चालू होतं. त्यांनी तिथेच सांगितलं, "पंप उडालाय साहेब. ई-२० पेट्रोलने जुन्या गाड्यांचे पंप खाल्लेत." ही लक्षणं थकलेल्या पंपाचीही असतात, हे मला मान्य आहे. ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील खराब होतात, ही काळजी मलाही आहे. पण नेमका माझाच पंप गेलाय हे कशावरून, असं विचारल्यावर मला एकच उत्तर मिळालं : "कपलरला बारा व्होल्ट येतायत. करंट येऊनही पंप ओढत नाही, म्हणजे पंपच गेला."

माझी तक्रार नेमकी या वाक्याबद्दल आहे.

आपल्या मेकॅनिकने पंपाचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला आणि मोकळ्या कपलरमध्ये मल्टिमीटर लावला. मी बाजूलाच उभा होतो. असं मोजलं तर वायर कितीही सडलेली असो, बारा व्होल्ट दिसणारच, कारण मीटर नावापुरताच करंट घेतो. पंप मात्र चार-पाच अँपिअर ओढतो. जोडात अर्ध्या-पाऊण ओहमचा जरी अडथळा असला, तरी पंप फिरू लागताच तीन-साडेतीन व्होल्ट त्या जोडातच संपतात. म्हणून पंप चालू ठेवून, कपलर जागेवर असताना मोजायचं असतं. पेट्रोल किती जोराने येतंय हे बघायला प्रेशर गेज लावायचा असतो. माझ्या जॉब कार्डवर प्रेशरचा एकही आकडा नाही. गेज लावलाच गेला नाही.

आणि ही गाडी फायबरची आहे, हे तर डोळ्यांना दिसत होतं. पत्र्याच्या गाडीत अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परत जायची वाट, बॉडीवर कुठेही घेता येतो. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक अर्थ वायरनेच खालच्या लोखंडी चासीपर्यंत न्यावा लागतो. कोकणातल्या चोवीस पावसाळ्यांनी त्या जोडांचं काय केलं असेल, हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं.

पंप बदलून गाडी मिळाली. बिल १८,६४० रुपये. नऊ दिवस ती बरी चालली आणि दहाव्या दिवशी त्याच घाटात तशीच बंद पडली. आपल्या वर्कशॉपला फोन केला, तर "आता इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बघावा लागेल, गाडी पाठवा" असं सांगण्यात आलं.

मी गाडी पाठवली नाही. कुडाळला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी पहिल्यांदा पंप चालू ठेवला आणि मगच मीटर हातात घेतला. बॅटरीला १२.२ व्होल्ट, पंपाच्या दोन टोकांत ८.६. मग मीटरची एक पिन पंपाच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली : ३.६ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. ते म्हणाले, "पंप उपाशी हा. त्याका दोष देव नको." मागच्या चाकाच्या आत पंपाच्या अर्थ वायरच्या टोकाचा लग, म्हणजे धातूची कडी, चासीवर बोल्टने आवळलेला होता. बोल्ट काढला तसा लगचा निम्मा भाग हिरव्या भुकटीसारखा हातात आला. उरलेल्या दोन-तीन तारांवर पंप चालत होता. न्यूट्रलला पेट्रोल कमी लागतं म्हणून तेवढ्यावर निभायचं. घाटात मागणी वाढली की प्रेशर पडायचं, आणि तो जोड तापला की आणखीच. आपल्याकडे पंप बदलताना तीच वायर ओढली-हलवली गेली असणार, नऊ दिवस गाडी बरी चालली ती त्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि मला ते पटलं.

चासी घासून स्वच्छ केली, नवा लग, नवी वायर, वरून ग्रीस. एकूण ४५० रुपये. आता पंपाला ११.८ व्होल्ट मिळतात.

एवढ्यावरच मी थांबलो नाही. माझा जुना पंप आपल्या वर्कशॉपने तीन फोननंतर परत दिला होता. तोच पुन्हा गाडीत बसवून घेतला आणि गेज लावला. तीन बार प्रेशर येतं, इंजिन बंद केल्यावरही टिकतं. त्या जुन्या पंपावर मी भर पावसात दोनदा आंबोली चढून आलो. गाडी एकदाही अडखळली नाही.

आपण बसवलेला पंप खोक्यात घालून माझ्याकडे ठेवला आहे. तो घेऊन जावा आणि पंपाची किंमत व लेबर मिळून १८,६४० रुपये परत करावेत. दुसऱ्यांदा गाडी बंद पडल्यावर टोइंगला ३,२०० रुपये गेले, तेही मिळावेत. आपल्या जॉब कार्डवर "पंप निकामी" असा शेरा आहे. तो चुकीचा आहे, लेखी दुरुस्त करून द्यावा. त्या मेकॅनिकवर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. मुलगा तरुण आहे, मन लावून काम करत होता. त्याला लोडवर व्होल्टेज मोजायला कोणी शिकवलेलंच नाही. ते शिकवावं आणि पंप बदलण्याआधी प्रेशरचा आकडा जॉब कार्डवर लिहिणं सक्तीचं करावं, ही मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते. त्या दिवशी माझी आई घाटात दोन तास भिजत बसली होती. पुढच्या गाडीत कोण असेल, सांगता येत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. त्यानेही काम झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिल आणि जॉब कार्डच्या प्रती, चालू पंपावरच्या मीटरचे फोटो आणि सडलेल्या लगचा फोटो सोबत जोडला आहे. तो लग मी पिशवीत जपून ठेवला आहे. आपला माणूस पंप न्यायला येईल, तेव्हा त्यालाही दाखवीन.

आपला,
एक ग्राहक
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग