वरवाट्यांची वही वाचून

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

टायफॉईडबद्दल मी काही लिहिणार नाही. अक्कानं फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलंय. तू स्पर्धेसाठी मनानं रचलेल्या वरवाट्यांच्या वहीबद्दल लिहिते.

बाबांनी कागद छापून आणले आणि कौलाच्या कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवले. "आमच्या पोरानं डोंगरातली अख्खी जमात उभी केलीय, देव वेगळा, सण वेगळे," असं सांगत फिरतात. दुसरीपर्यंत तू ळ उलटा काढायचास हेही सांगतात, तेवढं मला आवडत नाही.

राखेचं मला फार आवडलं. पहिल्या पावसाला दारात राख पसरायची आणि तिच्यावर ज्याचं पाऊल आधी उमटेल त्यानं वर्षभर चूल सांभाळायची, मग तो पुरुष का असेना. हे कुठून सुचलं तुला? वटवाघळं बाहेर पडली की वरवाट्यांचा दिवस सुरू होतो, ते मात्र बाबांनी लगेच ओळखलं. भीमगडाकडची बारापेडी गुहा ती. त्या वटवाघळाचं कात्रण तू कपाटाला चिकटवलं होतंस, डिंक अजून निघत नाही.

पण तुझ्या वरवाट्यांच्या बायका भर श्रावणात दोरीवर कपडे वाळत घालतात. कुठल्या उन्हात रे? कणकुंबीला माझ्या माहेरी चार महिने ऊन असं दिसायचंच नाही. चुलीच्या वर दोरी, तिच्यावर धुतलेलं सगळं, आणि शाळेत गेलं की अंगाला धुराचा वास. मृग लागायच्या आत लाकूड माळ्यावर चढलं नाही तर बाईनं काय जाळायचं? तुझ्या वहीत लाकडाचं एक अक्षर नाही. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते तिथं पाऊस कसा पडतो ते तू बघितलंयस. हीच नदी खाली कूडलसंगमाला कृष्णेला मिळते तोवर केवढी होते, आणि आमच्याकडं ती दगडातून निघते नि बाया तिथं हात जोडतात. तुझ्या लोकांचं पाणी कुठून येतं तेही लिही. उतारावर नाचणी दाखवलीस ते बरोबर, पण नुसतं बी फेकून होत नाही, तरवा, म्हणजे रोपं, काढून लावावा लागतो. वाकून वाकून कंबर जाते.

आता तेरावं पान. वरवाटा आजारी पडला की कुणाला न सांगता वरच्या खोपीत जाऊन राहतो, बरा झाला की खाली येतो, आणि कुणी विचारायचं नाही, असा रिवाज. बाबा म्हणाले, छान कल्पना आहे. मी काही बोलले नाही. पण बाळू, त्याला पाणी कोण देतं? तापात माणसाला स्वतःचा तांब्या उचलवत नाही. तू उचललास म्हणे. तुझ्या खोलीतल्या मुलानं अक्काला सांगितलं, रात्रीचा भिंत धरून नळापर्यंत जायचास. आणि मी त्याच दिवसांत फोनवर विचारत होते, काय करूलास, जेवलास का, तर तू म्हणालास, जेवूलो.

लिहिणार नव्हते. राहू दे.

डोंगरातली माणसं कशी असतात ते तुला ठाऊक नाही असं थोडंच आहे. आमगावाकडं आजही पावसात आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. चार जण धरतात, चार बदलायला मागं चालतात, आणि ओढ्याला पाणी असेल तर आणखी माणसं लागतात. ज्यांचं तोंड वर्षभर बघत नाहीत तेही येतात. वडगावात मंगाईदेवीच्या यात्रेआधी वार पाळतात, त्या वारी कुणी शेतात कामाला जात नाही, ती पाळणूकही एकट्याची नसते, सगळ्या गावाची असते. तुझ्या लोकांना गुपचूप राहायचा रिवाज कुणी दिला? डोंगरानं तर दिला नाही.

पुन्हा व्याख्यान झालं. रागावू नकोस. वही तुझी, लोक तुझे.

तू चार वर्षांचा होतास तेव्हा कणकुंबीला तुला ताप चढला होता. रस्त्यावर झाड पडलेलं, बस बंद. आबांनी तुला पाठीला बांधलं, वरून इरलं घेतलं आणि चालत निघाले. मी मागून. तू इरल्याच्या आतून विचारायचास, आलं का गाव? पुढं दुधाचा टेंपो भेटला. आबांचे गुडघे तेव्हाच गेले होते, पण त्यांनी तुला माझ्याकडं दिलं नाही, म्हणाले, तू चिखलात घसरशील. हे तुला आठवत नाही म्हणतोस. असू दे.

डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस, टायफॉईड उलटतो. पाणी उकळूनच पी. गाड्यावरची पाणीपुरी, उसाचा रस अजिबात नको. मऊ भात आणि पेज घे. गोळ्या किती राहिल्यात ते मोजून मला कळव, अक्काला नको, मला.

आणि परीक्षकांना वही आवडली, बक्षीस मिळालं, ते तू दोन ओळींत लिहिलंस आणि ताप आला होता ते लिहिलंच नाहीस. आम्हांला दोन्ही कळायला हवं होतं. बक्षिसाचं तर मी नाक्यावरच्या केळीवालीलाही सांगितलंय.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं मी येतेय. तिकीट अक्कानं काढलंय, आता नको म्हणू नकोस. बासमतीचे तांदूळ, नाचणीचं पीठ आणि रताळी आणते. कुंदा आणत नाही, तुला तूप चालायचं नाही. स्टेशनवर न्यायला येऊ नकोस, अशक्त आहेस. पत्ता तेवढा गल्लीच्या नावासकट पाठव, रिक्षावाल्याला मी कन्नडात सांगते.

तुझी,
आई