बाबा, पिन टाकताना पुटपुटू नका

आई, बाबा,

पुण्यात नीट पोचले, आई तुझी चटणी जराही सांडली नाही. पण कपिलतीर्थ मार्केटातलं काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. बाबा, वांग्याचे पैसे देताना तुम्ही फोन छातीपुढं धरून एकेक आकडा पुटपुटत पिन टाकलात, मागं दोघंजण उभे होते, त्यांच्या मनात काही नसेलही, पण मला सगळा पिन ऐकू आला की! ४ आकडी पिनचे १०,००० प्रकार होतात म्हणे, ज्यानं ऐकला त्याला काय, एकच पुरतो.

तुम्ही का पुटपुटता ते मला माहितीय. उद्यमनगरात लेथवर बोटं झिजली, फोन ठसा घेत नाही, आणि काचेवर बोट लागलं का नाही ते कळत नाही. म्हणून लॉकच्या आकड्यांना व्हायब्रेशन चालू केलंय, थरथरलं की समजायचं लागलं, तोंडानं म्हणायची गरज नाही. पेमेंटचा पिन टाकताना मात्र फोन पोटाशी घ्या आणि वरून दुसरा हात धरा. दोन्हीला एकच पिन असेल तर आजच बदला.

एक वाचलं आणि तुमचीच आठवण आली. २०११ साली संशोधकांनी स्पिनलॉक नावाची पद्धत मांडली, स्क्रीनवरची चकती तिजोरीच्या डायलसारखी फिरवायची, फिरवताना बारीक थरथर नाहीतर बीप येतात, ५ हवा तर पाच मोजून थांबायचं, बघणाऱ्याला नुसतं फिरणारं बोट दिसतं, आकडा तुमच्या मोजण्यात राहतो. अर्थात दोन थरथरींमधलं किंवा बीपांमधलं अंतर बदलतं ठेवायला पाहिजे, नाहीतर बोट किती फिरलं त्यावरून कोणीही ओळखेल. तुम्ही तर टूल नीट कापतंय का ते नुसत्या आवाजावरून सांगायचा, तुम्हाला हे एका दिवसात जमलं असतं. आपल्या फोनमध्ये ते नाही याचं खरंच वाईट वाटतं.

आई, मोतीबिंदूमुळं तुझ्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू आहे, तो आकडे मोठ्यानं बोलतो, तेव्हा बाहेर इअरफोन लावल्याशिवाय पिन टाकू नकोस. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, नंतर मला.

शनिवारी येते, बाबांचा नवा पिन आपण रंकाळ्यावर बसून दहा वेळा टाकून बघू.

तुमची,
धाकटी