डब्याच्या दुधानंतर

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. छकुली आता धरून उभी राहते, हे वाचून घरात सर्वांना फार आनंद झाला. घरच्या गोठ्यात गाय दुभती असताना आणि काकू रोज पेलाभर दूध नातीसाठी बाजूला काढून ठेवत असताना, पावडरचा डबा आणखी किती दिवस आणायचा, असे तू विचारले आहेस. पहिला वाढदिवस होईपर्यंत डबा चालू ठेव आणि त्यानंतर तो निश्चिंत मनाने बंद कर, हे माझे उत्तर. मात्र डबा सुटल्यावर ती दिवसाला किती दूध पिणार, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो आणि पत्र लांबणार आहे ते त्यासाठीच.

आधी काकूंच्या म्हणण्याविषयी. तुम्हा भावंडांना त्यांनी तिसऱ्या महिन्यापासून पाणी घातलेले गाईचे दूध दिले आणि तुम्ही धडधाकट वाढलात, हे खरेच आहे. त्यांचे बोलणे उडवून लावू नकोस. हाताशी जे होते त्यावर त्या पिढीने मुले वाढवली. पण शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि आईच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. क्षारही गाईच्या दुधात पुष्कळ जास्त. तान्ह्या मुलाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना हा भार झेपत नाही. पाणी घातल्याने भार हलका होतो खरा, पण दुधातली ताकदही तितकीच उतरते; पोट भरते आणि अंग भरत नाही. लोहाची अडचण याहून मोठी आहे. लिटरभर गाईच्या दुधात लोह अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि त्यातले कॅल्शियम व केसीन हे प्रथिन इतर अन्नातले लोहही नीट शोषू देत नाहीत. शिवाय वर्षाच्या आतील काही बाळांच्या आतड्यांतून गाईच्या दुधामुळे डोळ्यांना न दिसेल इतके रक्त जात राहते. डब्याच्या दुधात लोह मुद्दाम घातलेले असते. म्हणून उरलेल्या थोड्या आठवड्यांसाठी घाई नको.

तुझ्या वाचनात कदाचित येईल, म्हणून लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, सहा ते अकरा महिन्यांच्या ज्या बाळांना वरचे दूध द्यावे लागते त्यांना डब्याचे किंवा जनावराचे, यांपैकी कोणतेही दूध चालेल, असे म्हटले आहे. तरीही आपल्याकडे मुलांच्या अंगात लोह आधीच इतके कमी असते, की डबा परवडत असेल तर वर्षापर्यंत थांबणेच मला योग्य वाटते. त्याच सूचनांत वर्षानंतर जनावराचे दूधच द्यावे आणि मोठ्या बाळांसाठी म्हणून निघणाऱ्या पावडरी नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा दुकानदाराने ‘एक वर्षापुढील’ असे लिहिलेला डबा पुढे केला, तर तो घेऊ नकोस.

गाईचे दूध तिला बाधेल का, ही वहिनींची भीती मी समजू शकतो. तिची नेहमीची पावडर गाईच्या दुधापासूनच केलेली आहे, आणि ती तिला इतके महिने मानवली आहे. त्यामुळे त्या दुधातल्या प्रथिनांचे वावडे तिला असण्याची शक्यता फारच थोडी. तरीही अंगावर गांधी उठल्या, वारंवार उलट्या झाल्या किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर दूध थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. शी थोडी घट्ट होणे मात्र सुरुवातीला अपेक्षितच आहे. पाणी, फळे आणि भाज्या वाढवल्या की ती सुधारते.

बदल हळूहळू कर. दिवसातली एकच वेळ निवडून तीन भाग डब्याचे दूध आणि एक भाग गाईचे, अशी सुरुवात कर आणि दोन-तीन दिवसांनी गाईच्या दुधाचा भाग वाढवत ने. येथे एक खबरदारी घे. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यातच कालव आणि ते तयार दूध मग गाईच्या दुधात मिसळ. कोरडी पावडर थेट गाईच्या दुधात घातली, तर ते मिश्रण नको इतके दाट होते आणि मूत्रपिंडांवरचा जो भार आपण टाळत आहोत तोच वाढतो.

दूध घरचे आहे, हे भाग्यच. पण धारोष्ण दूध पचायला हलके, असे म्हणून कोणी तिच्या तोंडाला कच्चे दूध लावू लागले, तर तेथे ठाम राहा. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या दुधातूनही ब्रुसेलोसिस या तापाच्या आजाराचे आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. दूध चांगले उकळून मगच द्यावे. वर्षानंतर त्यात पाणी घालू नये, आणि दोन वर्षांपर्यंत साय बाजूला काढू नये, कारण वाढत्या मेंदूला ती स्निग्धता हवी असते. शहरात आलात, तर टोन्ड दुधाची पिशवी न घेता गाईचे किंवा फुल क्रीम दूध घ्या.

आता प्रमाणाविषयी. माझी भाची दीड वर्षाची असताना दिवसाला लिटरभर दूध पीत असे. जेवली नाही की बाटली, रात्री जाग आली की बाटली. ती गोरीगोमटी, गुबगुबीत दिसे आणि येणारा-जाणारा तिचे कौतुक करी. मग ती कुंडीतली माती खाऊ लागली. डॉक्टरांनी तिची खालची पापणी अलगद ओढून बहिणीला आतली कड दाखवली. जेथे लाली हवी तेथे ती जवळजवळ पांढरी होती. ज्याला सगळे गोरेपणा म्हणत होते, तो रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाची देशातील ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. दूध हे त्याचे एकमेव कारण नाही, परंतु दुधाने भरलेल्या पोटात भाकरीला जागा उरत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणून वर्षानंतर दिवसाचे दूध चारशे मिलिलिटरच्या आसपास ठेव, आणि दही धरूनही अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ देऊ नकोस. आधी जेवण, मग दूध. वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, अंडे, पालेभाजी, आणि वर लिंबाचे चार थेंब, कारण लिंबाने लोह अंगी लागते. आशाताईंकडून लोहाचे सिरप मिळते. सहा महिन्यांपुढील मुलांना ते आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर द्यायचे असते. ते चालू आहे ना, हे मला नक्की कळव.

बाटलीही याच सुमारास सोडव. वाटी-चमच्याने किंवा छोट्या पेल्याने दूध दिले की मूल आपोआप बेताने पिते. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात. पहिले काही दिवस ती पेला ढकलून देईल आणि काकूंचा जीव कासावीस होईल. त्या दिवसांत दही, खीर किंवा दुधात शिजवलेला मऊ भात दे. दूध पोटात गेले म्हणजे झाले, ते प्यायलेच पाहिजे असे नाही. वाढदिवसाच्या सुमारास लस द्यायला न्याल, तेव्हा डॉक्टरांना हिमोग्लोबिनविषयीही विचार.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि छकुलीला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेही