ओळख परेड, हजेरी आणि अडखळणारी मुलं

मा. संपादक,
स. न.

जून महिन्यात मुंबईतल्या बहुतेक शाळांत नवा वर्ग एकाच रिवाजाने सुरू होतो. ‘एकेकाने उभं राहून स्वतःचं नाव सांगा.’ अडखळत बोलणाऱ्या मुलासाठी वर्षातला सगळ्यात कठीण तास तोच असतो, कारण नावाला दुसरा शब्द नसतो. ‘पुस्तक’ अडणार असं वाटलं तर ‘बुक’ म्हणून वेळ मारून नेता येते. प्रसादला मात्र प्रसादच म्हणावं लागतं.

आठवी-नववीपर्यंत ही शब्द बदलण्याची सवय इतकी अंगवळणी पडते की घरच्यांनाही पत्ता लागत नाही. कॅन्टीनच्या रांगेत समोसा हवा असतो, पण ‘स’ अडेल म्हणून मूल वडापाव मागतं. धड्याचं वाचन बाकांच्या ओळीने चालू असलं की आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे ते आधीच मोजून ठेवतं, त्यातले धोक्याचे शब्द शोधतं आणि पाळी दोन बाकांवर आली की ‘बाई, बाथरूमला जाऊ?’ म्हणून हात वर करतं. उत्तर तोंडावर असूनही ‘माहीत नाही’ म्हणतं. शिक्षकांना वाटतं अभ्यास केलेला नाही, मुलांना वाटतं हा शिष्ट आहे. आपण वेगळे दिसू नये म्हणून चाललेला हा खटाटोप अडखळण्यापेक्षा जास्त नुकसान करतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अडखळणं म्हणजे बोबडं बोलणं नव्हे. अडखळताना एक तर पहिला आवाज पुन्हा पुन्हा येतो, किंवा तो लांबतो, नाहीतर तोंड उघडतं पण आवाजच फुटत नाही. ही तिसरी अवस्था बाहेरून ‘गप्प उभा आहे’ अशी दिसते आणि नेमका तिथेच ओरडा बसतो. साधारण १०० माणसांत एक जण अडखळतो आणि मोठ्या वयात मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण सुमारे चौपट असतं. याचं मूळ मेंदू बोलण्याची जुळवाजुळव कशी करतो त्यात असतं आणि पुष्कळदा ते घराण्यात चालत आलेलं असतं. भीतीमुळे ते वाढतं, पण भीतीमुळे सुरू होत नाही. जिभेला वेखंड चोळून किंवा जिभेखालचा पडदा कापून ते जात नाही.

हीच मुलं ‘भारत माझा देश आहे’ सगळ्यांबरोबर म्हणताना सहसा अडत नाहीत, गाण्यातही नाहीत. वर्गात याचा थेट उपयोग करता येतो. वाचन जोडीने घ्यावं. दोघांनी एकदम सुरुवात करायची आणि पहिल्या दोन-तीन ओळींनंतर जोडीदाराने आवाज हळूहळू कमी करायचा. जोड्या सगळ्या वर्गाच्या कराव्यात, एकट्या त्या मुलासाठी केल्या तर ते आणखी उठून दिसतं. हजेरीचंही तसंच. ‘हजर’ किंवा ‘प्रेझेंट’ हाच शब्द हवा असा आग्रह कशाला? हात वर केला तरी चालेल असं सगळ्यांनाच सांगता येतं. पाळी आधी हवी की मागाहून, हे मुलाला एकट्याला विचारावं. बऱ्याच मुलांना लवकर सुटणं बरं वाटतं, कारण वाट पाहताना ताण चढत जातो.

तोंडी कामातून पूर्ण सूट मात्र देऊ नये. दया म्हणून दिलेली सूट त्याला टाळायलाच शिकवते. दहावीला भाषा विषयांत ८० गुणांच्या लेखी परीक्षेखेरीज २० गुणांचं तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापन असतं. तिथे जास्त वेळ द्यावा, वर्गासमोर न घेता एकट्याला बसवून घ्यावं आणि गुण आशयाला द्यावेत. पाठ केलेली कविता अडली म्हणजे ती येत नाही असं होत नाही.

ऐकणाऱ्याने काय करू नये, यातही गफलत होते. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘घाबरू नकोस’ हे चांगल्या मनाने म्हटलं जातं; मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की आपलं बोलणं चुकलं. त्यापेक्षा शिक्षकाने स्वतःच थोडं संथ बोलावं, नजर हटवू नये आणि मुलाचं बोलणं संपल्यावर एक-दोन सेकंद थांबून मग उत्तर द्यावं. नक्कल करणाऱ्याला त्याच दिवशी बाजूला घेऊन समज द्यावी. त्या मुलाला पुढे उभं करून वर्गाला उपदेश करणं मात्र त्याला न विचारता कधीही करू नये.

उपचार लहानपणी जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. पण चौदाव्या वर्षीही उशीर झाला असं समजायचं कारण नाही. वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही वाचा-उपचाराची सोय आहे. या वयात अडखळणं पूर्ण जाईलच असं नाही. ते सैल करणं आणि त्याची भीती कमी करणं हे ध्येय असतं. ‘पंधरा दिवसांत हमखास’ म्हणणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नयेत. तिथे शिकवलेला हळू, ठेक्यातला आवाज खोलीत टिकतो आणि शाळेच्या पटांगणावर पोचेपर्यंत सुटतो.

पालकांनी शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्यावी, मुलाला दाखवून, त्याच्या संमतीने. मजकूर एवढाच पुरे: ‘माझा मुलगा बोलताना अडखळतो. उत्तर त्याला येतं, वेळ लागतो. शब्द पुरवू नका, थांबा. पहिल्या दिवशी नाव सांगायला त्याला दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर घ्या. काही अडलं तर आधी त्यालाच विचारा.’

आपले,
मुंबईतील काही वाचा-उपचारतज्ज्ञ