पेला आईच्या हाती देणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉ. दिलीप महालनबीस सर,

सादर नमस्कार.

तुम्ही १६ ऑक्टोबर २०२२ ला गेलात, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तरी लिहितोय. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पहिल्या पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं की जुलाब-उलट्या सुरू होतात. डोळे खोल गेलेलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसणारं लेकरू जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसचं साखर-मिठाचं पाणी पाजलं की चार तासांत आईचा पदर ओढायला लागतं. ते पाहून आधी तुम्हीच आठवता.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावला पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासितांचे लोंढे येत होते आणि त्यांच्यात कॉलरा पसरला होता. रुग्ण जमिनीवर पडलेले, सलाईन लावायची तर त्या घाणीतच गुडघे टेकायचे, आणि सलाईनही संपत आलेली. लंडनच्या मुलांच्या इस्पितळातून मायदेशी परतलेले तुम्ही, जन्म सीमेपलीकडच्या किशोरगंजचा. म्हणजे येणारी माणसं तुमच्याच मुलखातली. तुम्ही तोंडाने पाजायचं पाणी ठरवलंत: लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात वजन करून पॉलिथिनच्या पिशव्या भरल्या, त्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली. लिटरला खर्च ११ पैसे!

आम्हाला सगळ्यात भिडतं ते त्याच्या पुढचं. मिश्रण पिंपात कालवलंत आणि पेला नातेवाइकांच्या हाती दिलात. ज्याचं माणूस आजारी, त्यानेच पाजायचं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्याला ‘ओरल सलाईन’, म्हणजे तोंडाने प्यायची सलाईन, म्हणालात. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून साडेतीनच्या आसपास आलं. पण आम्ही धरून बसलोय तो पेला. निर्वासित बाईच्या हातावर एवढा भरवसा टाकायला मन मोठं लागतं, नुसती विद्वत्ता पुरत नाही.

खरं तर हे आधीच व्हायला हवं होतं. डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून बरं करता येतं. मोठ्या मंडळींनी ते बाजूला सारलं. मधल्या वर्षांत गेलेल्या लेकरांचा हिशेब कुणी द्यायचा? तुम्हालाही पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, गेल्यावर.

आजही जीपमध्ये घालून आणलेलं लेकरू तोंडाने पीत असलं तरी काही ठिकाणी आधी सुई टोचतात, सलाईनची बाटली टांगतात आणि आईला बाहेर बसवतात. दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं ‘ओआरएस’ म्हणून खपत होती; ते नाव लावायला बंदी आली ती थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. साखर जास्त झाली की ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. ग्लुकोज मोजकं असलं तरच ते मिठाचा हात धरून पाणी रक्तात नेतं. म्हणून तर २००२ पासून ओआरएसच्या लिटरच्या पुडीतलं ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमवर आणि मीठ २.६ ग्रॅमवर आणलं.

चुका घरीही होतात, आणि त्या मापाच्या असतात. साडेवीस ग्रॅमची जलसंजीवनीची पुडी एक लिटरची; ती तांब्यात कालवली की पाणी खारट जहाल होतं, अंगात मीठ वाढतं. छोटी पुडी मात्र एका पेल्याची, २०० मिलीची. दोन्ही एकत्र मिळतात आणि घोळ होतो. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने, घाई नाही. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. जोडीला १४ दिवस रोज झिंकची गोळी, सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. जुलाब थांबले की आया झिंक बंद करतात, तिथे आम्हाला पुन्हा पुन्हा जावं लागतं.

एवढं सांगून झालं की आम्ही एक लिटरची बाटली आणि चमचा आईसमोर ठेवतो. पुडी तीच फोडते, तीच कालवते, तीच पाजते. आम्ही शेजारी बसून राहतो, सर.

तुमच्या ऋणात,
पेठ-सुरगाण्याच्या आशाताई आणि आरोग्यसेविका
जि. नाशिक