कॅरल ट्रुरोची, मान केंब्रिजला!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला नाताळच्या गाण्यांवरचा लेख वाचला. छपाई सुबक, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे छायाचित्र तर अर्धे पान. ट्रुरोच्या वाट्याला मात्र एक ओळही नाही! नऊ वाचने आणि मध्ये कॅरल गीते, ही प्रार्थना बिशप बेन्सन यांनी १८८० साली २४ डिसेंबरच्या रात्री इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोला सुरू केली. कॅथीड्रल बांधून व्हायचे होते, म्हणून लाकडी शेडमध्ये. किंग्ज कॉलेजने ती उचलली १९१८ मध्ये. तुमच्या लेखकाने सगळे श्रेय केंब्रिजला दिले. गणपती आपण बसवायचा आणि वर्गणीची पावती शेजारच्या मंडळाने फाडायची, त्यातला प्रकार.

मुलगी-जावई कॉर्नवॉलमध्येच रेडरूथला असतात, त्यामुळे माझे तिकडे जाणे-येणे असते. शेजारचे आजोबा साउथ क्रॉफ्टीच्या कथिल खाणीत होते, १९९८ ला ती बंद पडेपर्यंत. पुरुषांच्या गायनवृंदात खर्जात गातात. काल हौसेने त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि लेखाचा सारांश सांगू लागलो.

"ट्रुरो आहे का?"
"नाही."
"टॉमस मेरिट?"
"नाही."
"'फर्स्ट नोवेल' हे कॅरल तरी?"
"आहे. इंग्लिश गाणं म्हणून."

यावर ते जे बोलले ते छापण्याजोगे नाही. आणि छापलेत तरी त्यातला 'कॉर्निश' (म्हणजे कॉर्नवॉलचा) खोडून तुम्ही 'इंग्लिश' घालाल. मागच्या वर्षी माझ्या पत्राचे तेच केलेत.

मेरिट हा कॅरल रचणारा संगीतकार, कॉर्नवॉलमधल्या इलोगन गावचा. वडील लवकर गेले, हा पोरवयात खाणीवर लागला. तब्येतीने साथ दिली नाही, तेव्हा खाण सोडून संगीताकडे वळला आणि बरेचसे स्वतःच शिकला. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचा. १९०८ मध्ये गेला. त्याची कॅरल गीते चार आवाजांची. खर्जातले एक ओळ उचलतात, मग वरचे त्यांच्या मागे धावतात, आणि ऐकणाऱ्याला थंडीचे भान राहत नाही. खाणी मंदावल्या तसे कॉर्निश खाणकामगार पोटामागे ऑस्ट्रेलियात मूंटाला आणि कॅलिफोर्नियात ग्रास व्हॅलीला गेले (आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?). मेरिटची गाणी मूंटा आणि ग्रास व्हॅलीतही गाइली गेली. तुमच्या पुरवणीपर्यंत तेवढी पोचली नाहीत.

'ट्रेलॉनी' हे कॉर्नवॉलचे गाणे लेखकाने पुरातन ठरवले आहे. ते रॉबर्ट हॉकर या पाद्रीबुवांनी १८२४ मध्ये लिहिले. पण तिथे कादंबरीकार डिकन्सही फसला होता, तेव्हा तेवढे माफ.

कॉर्निश लोकांना ब्रिटिश सरकारने २०१४ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. लंडनला पटले, आपल्या पुरवणी विभागाला कधी पटते ते पाहू.

दुरुस्तीची चौकट येत्या रविवारी छापावी, ही विनंती. शेअर बाजाराच्या पानावर खालच्या कोपऱ्यात नको. तिथे कोणी वाचत नाही. शब्दकोड्याचे उत्तरही बरेच दिवस आलेले नाही. आडवा ७ नक्की काय होता?

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे