चार बटणं आणि एक थांबा

सोलापूर,
२५ जानेवारी २०२६

प्रिय दत्ता,

तुझं पत्र सिद्धेश्वराच्या ऐन गड्डा जत्रेत हातात पडलं, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. मत कुणाला दिलं ते विचारू नकोस. महापालिकेचं मतदान कसं झालं तेवढं सांगतो, कारण त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

१५ तारखेला रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी पांढऱ्या पत्रिकेवरचं बटण दाबलं आणि निघाल्या. "आजी, अजून तीन राहिलेत," असं अधिकारी म्हणाल्यावर त्या घाबरून परत फिरल्या. गुलाबी, पिवळी, निळी. शेवटची दोन बटणं त्यांनी न वाचताच दाबली असावीत, इतक्या पटकन बाहेर आल्या. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटना सांगते, तरी जवळजवळ चार वर्षं थांबलो आपण. आणि मत द्यायची वेळ आली ती अशी!

मागे फोनवर तू म्हणाला होतास, एका प्रभागात चार नगरसेवक असले की महिला, मागास सगळ्यांना जागा मिळते. पण मुंबईत २२७ प्रभाग आहेत, प्रत्येकी एकच नगरसेवक, आणि आरक्षण तिथेही आहेच. आपल्याकडे २६ प्रभागांत १०२ जण. २०११ च्या जनगणनेने धरलं तरी एका प्रभागात सरासरी साडेछत्तीस हजार माणसं येतात. एकेकाचा प्रभाग केला तर सव्वानऊ-साडेनऊ हजार. एवढ्या वस्तीत नगरसेवकाला लोक तोंडाने ओळखतात रे, रस्त्यात अडवून विचारू शकतात. आत्ता दिवा बंद पडला तर अ जागेचा नगरसेवक म्हणतो ब कडे जा, आणि ब म्हणतो ते काम ड चं.

आता आमच्या कारखान्यातल्या मावशींचं ऐक. टॉवेलच्या काठाची शिलाई करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना शहराबाहेर कुंभारीला रे नगर वसाहतीत घर मिळालं. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या, त्यातलंच एक. स्वतःचं घर म्हणून मावशी फार खूश आहेत, दारात तुळसही लावलीय. पण कामाला यायचं कसं? बस कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून सीटवर रिक्षा. "दादा, आठवड्यातली एक दिवसाची मजुरी रिक्षालाच जाती की," असं परवा डबा उघडता उघडता म्हणाल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हा हिशेब.

मला टोचतं ते पुढचंच. कुंभारी ग्रामपंचायतीत येतं. मावशी पुढच्या महिन्यात झेडपीला मत देतील, महापालिकेला नाही. शहराच्या बसवर ज्यांचा दिवस अवलंबून, त्यांना त्या बसचा कारभार बघणाऱ्यांना निवडताच येत नाही. १५ हजार घरं शहराच्या हद्दीबाहेर नेऊन बांधली, मग परिवहन समितीत निदान त्या गावांचे दोन प्रतिनिधी तरी घ्यायला नकोत का?

आणि ऊन. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा अर्धा तास थांब्यावर उभं राहणं म्हणजे काय, हे तू पुण्यात विसरला असशील. मावशी थांब्यावर नाही, पलीकडच्या कडुलिंबाच्या सावलीत उभ्या राहायच्या आणि बस दिसली की पळायच्या. मागच्या उन्हाळ्यात ते झाड रुंदीकरणात गेलं. बुंधा अजून आहे, त्यावर आता फुलवाली बसते. पर्यावरण म्हणून मोठमोठं बोलतात लोक, मला तो बुंधाच आठवतो.

हवामान बदललंय हे आपल्याकडे कुणाला पटवायला लागत नाही. २०२४ च्या जूनमध्ये उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि ऑगस्टमध्ये भरलं. गेल्या सप्टेंबरात सीनेचं पाणी लांबोटीला हायवेवर आलं, तू दोन दिवस मोहोळच्या अलीकडे अडकलास ते आठव. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा पुरात! म्हणून मला वाटतं की ज्या दारात बस येईल, ज्या थांब्यावर सावली असेल, तिथला माणूस आपोआप दुचाकी कमी काढेल. त्याला भाषण द्यायची गरज नाही.

१२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले, तेव्हा मीही गेलो होतो. १९३१ ला याच तारखेला येरवड्यात चौघांना फाशी दिली. तीनच दिवसांनी मतदान, म्हणून यंदा तिथून हलवेना.

तर काम असं आहे. मावशी आणि त्यांच्या गल्लीतल्या बायका निवेदन देणार आहेत: सकाळच्या पाळीला दोन बसगाड्या ठरलेल्या वेळेला, थांब्यावर शेड, आणि शेडच्या दोन्ही बाजूंना लिंब. सह्या माझ्याकडे जमल्यात, बऱ्याचशा तेलुगूत आहेत. मजकूर मी लिहिलाय पण फार लांबलाय. तू कापून दे. हुरड्याला येशील तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसने ये, मी स्टेशनवर घ्यायला येतो, आणि रविवारी तुला रे नगरला घेऊन जातो. बसनेच.

वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
बाळू